डब्यातली एकतीस खाचरं

कंप्युटर म्हातारा झाला की फेकून द्यायचा, हे ज्यानं कुणी ठरवलं त्यानं आयुष्यात बैल पाळलेला नसणार. बैल थकला तर माणूस ओझं कमी करतो. दर वर्षी पाठीवर एक पोतं वाढवायचं आणि तो गुडघ्यावर बसला की 'बैलच जुना' म्हणायचं, हे फक्त कंप्युटरवाल्यांना सुचू शकतं.

अनिताच्या कंप्युटरवर रोज सकाळी एक चौकट उगवायची. हे यंत्र आता नव्या आवृत्तीच्या लायकीचं राहिलं नाही, नवं घ्या. शब्द गोड, अर्थ हाच. ती चौकट बंद करायची. मग चहा टाकायची, गाळायची, प्यायची, कप विसळायची, तरी पडद्यावरचं गोल चक्र फिरतच असायचं. खिडकीतून धुकं आत यायचं आणि त्या चक्राभोवती बसून राहायचं. बेडसे गावात आषाढातले ढग आभाळात नसतातच, घरात असतात. फळीवरच्या भांड्यांत, दोरीवरच्या ओल्या साडीत, उशाखाली. अनिताला कधी कधी वाटायचं, टेबलाखालच्या त्या काळ्या डब्यातही ढग भरलाय, आणि त्या ढगात आबा एका बांधावरून दुसऱ्या बांधावर चाललेत, पाठमोरे, खांद्यावर फावडं टाकून.

असं वाटायला कारण होतं. आबांची खाचरं त्या डब्यातच होती.

घराच्या मागं, लेण्याच्या डोंगराच्या पायथ्यापासून थेट ओढ्यापर्यंत, पायऱ्या पायऱ्यांनी उतरणारी एकतीस भातखाचरं. एखादं अंगणाएवढं, एखादं चार खाटा मांडल्या की संपणारं. प्रत्येकाला नाव. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवशी घरातल्या थोरल्यानं वरच्या बांधावर उभं राहायचं, खालच्या खाचराचं नाव घ्यायचं आणि फावड्याच्या एका घावात बांधातली मोरी फोडायची. पाणी खाली उतरलं की खाली उभ्या बायका ओरडणार, "आलं!" मग त्या खाचरात रोपाची पहिली मूठ लागणार. नाव घेतल्याशिवाय मूठ लावायची नाही. बाकीच्या वस्त्यांवर असलं काही नव्हतं. ह्या एका वस्तीवर होतं. का होतं, ते कुणी कुणाला विचारलं नाही.

अनिताचे सासरे धोंडिबा, म्हणजे आबा, पन्नास वर्षं ही नावं घेत आले. गेल्या श्रावणात खाटेला खिळले तेव्हा त्यांनी मुलाला, भिकाजीला, हाक मारली नाही. भिकाजी उर्श्याच्या टोलनाक्यावर शिफ्टमध्ये. हजारो गाड्यांचे नंबर त्याच्या डोळ्यांखालून जायचे, पण स्वतःच्या खाचरांची नावं शिकायला तो कधी बांधावर थांबला नाही. आबांनी सुनेला हाक मारली.

"तुज्या त्या डब्यात लिव्ह, पोरी. ज्याला नाव न्हाई, त्ये इकाया जड जात न्हाई."

चार दुपारी लागल्या. आबा एक नाव सांगायचे, खोकायचे, पाण्याची वाट सांगायचे, डोळे मिटायचे. अनिता टाइप करायची. दिवाळीच्या आधी आबा गेले. नावं डब्यात राहिली. प्रिंट काढू, काढू म्हणत राहिलं. प्रिंटरची शाई वाळली होती, आणि कंप्युटरात आहे म्हणजे आहे, अशी माणसाची एक भाबडी समजूत असते.

टाइप करणं हा अनिताचा धर्म होता. लोणावळ्यात अनंतकाकांच्या छापखान्यात तिनं चौदा वर्षं डीटीपी केलं. चिक्कीच्या डब्यांची लेबलं, लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं. पुण्याला ऑफसेटवर फाईल धाडताना फाँट सोबत द्यायला विसरणाऱ्या पोरांना ती असं झाडायची की पोरं जिन्यातच थांबायची. मग फ्लेक्स आला, नेत्यांची थोबाडं गल्लोगल्ली लागली, आणि छापखाना बसला. बंद करताना काकांनी तिचा कंप्युटर तिलाच दिला. त्या कंप्युटरला आता पंधरा वर्षं झालीत.

यंदा आवणीला आठ दिवस राहिले आणि डबा तीन-तीनदा बटण दाबल्याशिवाय उठेना. त्याच दिवशी स्वराज आला. भिकाजीचा चुलतभाऊ. त्याच्या वाटणीची जमीन त्यानं दोन वर्षांपूर्वीच बंगलेवाल्यांना दिली होती. जिथं 'बाळंतिणीचा दांड' नावाचं शेत होतं तिथं आता 'व्हिला नंबर नऊ'. आणि व्हिला नंबर नऊमध्ये वर्षातले अकरा महिने फक्त पाली राहतात.

"वैनी, लय सोपं हाय," तो ओट्यावर बसत म्हणाला. "ओढ्याकडचं शेवटचं खाचर तेवढं द्या. घेनाऱ्या पार्टीला पाण्याकडंला पाहिजे. बाकीची राहूंदेत की तुमची म्युझियमला."

"आबांनी कुणाला दिलं न्हाई," अनिता म्हणाली.

"आबा हायेत कुटं आता? आन नावं तरी येत्यात का कुणाला? भिकादादा, घे बरं ओळीनं. दहा घे."

भिकाजीनं तीन घेतली. वडाचं, दगड्या, आणि मग "त्ये... आंधळं." तीही मधलं एक गाळून. स्वराज हसला. भिकाजी हसला नाही, पण उठून गेलाही नाही. "आवनीनंतर बगू," एवढं म्हणाला. अनितानं ते ऐकलं. आवणीला नावं निघाली नाहीत तर हा माणूस आवणीनंतर सही करणार, हे तिला पाण्यासारखं स्वच्छ दिसलं.

तिनं काकांना फोन केला. काका म्हणाले, "डबा घेऊन ये. पडदा नको आणू, माझ्याकडे आहे. आणि फाईली आधी पेनड्राइव्हवर घे."

आवणीच्या आदल्या दिवशीच जमलं. तिनं डबा खताच्या प्लास्टिक पोत्यात गुंडाळला आणि बाळासारखा कडेवर घेतला. सासू, शालूबाई, दारात उभी.

"खुळी हाय ही, खुळी! म्हाताऱ्याला दवाखान्यात न्ह्याया येवढी तयारी न्हवती केली कुनी. डबा मातुर निघाला बगा लोणावळ्याला, आंगडं-टोपडं घालून."

कामशेतपर्यंत दुधाचा टेम्पो, पुढं बस. कार्ल्याच्या पुढं रस्ताच दिसेना. पुढच्या गाडीचे लाल दिवे धुक्यात लोंबकळत होते, कुणीतरी दोरीवर टोमॅटो वाळत घातल्यासारखे. मांडीवरचा डबा थंड होता. तिला डुलकी लागली, आणि डुलकीत डबा हळूच खोकला.

अनंतकाका सत्तरी ओलांडलेले. बंद छापखान्याच्या गाळ्यात आता एक झेरॉक्स मशीन आणि ते.

"काय गं, पेशंट आणलास? बघू." त्यांनी झाकण काढून आतली धूळ फुंकली, दोघंही शिंकले. "अगं, हा म्हातारा नाही झालेला. ह्याच्या छातीवर बसलेलं विंडोज नावाचं जनावर सुजलंय. ते उतरवू. त्याच्या जागी लिनक्स टाकतो, त्यातलं मिंट. त्यातलंही हलकं."

"मिंट म्हणजे?"

"पुदिना."

"काका, मला त्या काळ्या पडद्यावर कमांडी नाही हं टाइप करता येणार. ते इंजिनिअर लोकांचं."

"असं कोण म्हणतं? ज्यांना नवे डबे विकायचेत ते. आधी माझ्या पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघ. पुदिना आधी चाखायचा, मग निवडायचा."

"आणि किंमत?"

"काही नाही. फुकट."

"फुकट?" तिनं भुवई चढवली.

"फुकट म्हणजे वाईट, असं तुला कुणी शिकवलं? तुमच्या खाचरात डोंगरावरून पाणी येतं त्याचं बिल कोण पाठवतं?"

पडदा आधी काळा झाला, मग त्यावर हिरव्या पानाचं एक चिन्ह उगवलं, दव पडल्यासारखं. अनितानं माउस हलवला. खाली डाव्या कोपऱ्यात यादी उघडली, आणि यादी मराठीत. फाइली. चित्रे. कचरापेटी. ह्याच कंप्युटरवर वर्षानुवर्षं तिनं जगाचं मराठी छापलं होतं, पण कंप्युटर स्वतः कधी तिच्याशी मराठी बोलला नव्हता. घरच्या गड्याला गोठ्यात झोपवतात तशी मराठी एका कोपऱ्यात झोपवलेली. आता ती पुढच्या दारानं आली होती.

"आवडलं?" काका.

"आपलं माणूस कुणीतरी शहरातनं घरी आल्यासारखं वाटतंय."

"मग राहू दे मुक्कामाला." त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: डिस्कवरचं सगळं पुसून टाकायचं का?

अनिताचं बोट थांबलं.

"घेतलंस ना सगळं पेनड्राइव्हवर?"

"आबांची फाईल. फोटो. पत्रिकांचा फोल्डर. घेतलं."

"मग दाब."

तिनं दाबलं. अर्ध्या तासात पंधरा वर्षांचं ओझं उतरलं. पेनड्राइव्हमधून सगळं परत आत ठेवलं. फोटो उघडून पाहिले, आबांचा फेट्यातला फोटो लख्ख आला. फोल्डरात 'आबा' नावाची फाईल दिसत होती. आहे ना? आहे. उघडून कशाला बघायची? शेवटची बस साडेपाचला होती.

संध्याकाळी घरी पडदा जोडला, बटण दाबलं. चहाचं आधण ठेवायच्या आत डबा उठून बसला होता. शालूबाईनं वाकून बघितलं.

"आगं बया, लगीच उठलं की! येवढ्या बिगीनं तर मी बी उठत न्हाई."

अनिता कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. डब्यातल्या पंख्याचा आवाजही हळू झाला होता, लांबच्या ओढ्यासारखा. बाहेर धुकं, आत ते हिरवं पान. तिला वाटलं, डब्यातला ढग विरलाय, आणि आबा आता स्पष्ट दिसतायत. तोंड मात्र अजून वळवत नव्हते.

रात्री गेलेली वीज सकाळी सात वाजता आली. मोबाइलचा टॉवर दोन दिवस झोपलेलाच, त्यामुळं फोन नाही, नेट नाही. भिकाजी रात्रपाळी करून आला होता, अंघोळ करून समोर बसला. हातात एका जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू आणि पेन.

"सांग. लिवतो. दहाला बाया येत्यात."

अनितानं फाईल उघडली.

पडद्यावर भुसा होता. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, स्वल्पविराम, एक शीर्षक आणि एकतीस ओळी, नुसत्या भुशाच्या.

"हे काय?" भिकाजी. "विंग्रजीत लिवलंस व्हय?"

अनिताला त्याच क्षणी कळलं. फाईल घेतली, फाँट राहिला. त्या काळचे मराठी फाँट म्हणजे मुखवटे. आत सगळी इंग्रजी अक्षरं, वरून देवनागरी तोंड लावलेलं. मुखवटा जुन्या विंडोजच्या पोटात होता, आणि ते पोट तिनं काल स्वतःच्या बोटानं पुसलं होतं. चौदा वर्षं ज्या चुकीसाठी तिनं पोरांना जिन्यात उभं केलं, तीच चूक, बरोब्बर तीच. काकांकडं असेल कुठंतरी. पण काका लोणावळ्यात, टॉवर झोपलेला, आणि बायका दहाला.

स्वराज दारात येऊन उभा होताच. अंगात नवा रेनकोट, पायात पांढरे बूट. चिखलाच्या गावात पांढरे बूट घालणाऱ्या माणसाला स्वतःचं काहीतरी लपवायचं असतं.

"काय वैनी, गेली का नावं? म्हनलं व्हतं, जुनं भंगार हाय. जाऊंदे. सातबाऱ्यावर गट नंबर हाय की, त्यो वाचा. सरकारी हाय, पुसत न्हाई."

"तू भायेर थांब," शालूबाई आतून ओरडली. "बूट लय वास मारत्यात."

अनिता पडद्याकडं बघत राहिली. रडू येत होतं, पण डोळे अक्षरांवरच चिकटलेले. सगळ्यात वरची ओळ, शीर्षकाची. चौकटी कंस. के. के. पी. जे. तिनं नकळत हात कीबोर्डवर ठेवले. दाबलं नाही, नुसती बोटं त्या त्या बटणावर टेकवली. उजवी करंगळी वर गेली. मधलं बोट दोनदा टेकलं. परत करंगळी. मग तर्जनी.

बोटं म्हणाली: खाचर.

ती दचकली. खालची ओळ. ओ. मोठा एम. के. पी. ए. डोळ्यांना भुसाच दिसत होता, पण बोटांना दाणा लागत होता. हा टाइपरायटरच्या क्रमाचा फाँट. चौदा वर्षं जगाच्या आयांची, नवऱ्यांची, देवांची नावं ह्याच बटणांवरून गेली होती. मुखवटा गेला असेल, पण ज्या हातांनी तो रोज बांधला, ते हात कुणी पुसले नव्हते.

"वडाचं," ती म्हणाली. "लिवा."

भिकाजीनं तिच्याकडं बघितलं आणि लिहिलं.

"दगड्या. कोल्ह्याची झोप. आंधळं. लांबडी."

ती घाई करत नव्हती. घाई केली की बोटं गप्प व्हायची. ती डोळे अर्धे मिटून, दळताना बाई जशी डोलते तशी किंचित डोलत एकेक ओळ हातांनी चाचपत होती. मामाचं डोकं. उपाशी. घोंगडी. नाव आलं की त्याच्यामागून आबांचा खोकला यायचा, मग पाण्याची वाट. "उपाशीला पाणी लय लागतं, पोरी, त्याला आधी पाज." धुकं खिडकीतून येऊन तिच्या मनगटांवर बसलं होतं. भिकाजीचं पेन थांबलं.

"कोल्ह्याची झोप... तितं आमी लहानपनी कोल्हा बगितला व्हता. मी आन आबा." त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "मी इसरलोच व्हतो की."

"लिवा," अनिता म्हणाली.

सव्विसावं नाव लिहून झालं, आणि वीज गेली. पडदा काळा. हिरवं पान नाही, भुसा नाही. यूपीएसची बॅटरी गेल्या वर्षीच मेली होती. साडेनऊ वाजले होते.

बांधावर पंधरा-सोळा बायका जमल्या होत्या, डोक्यावरून प्लास्टिकचे कागद, हातात रोपाच्या मुठी. चिखलणी होऊन पडलेली खाचरं धुक्यात खालपर्यंत उतरत गेलेली. सातव्या-आठव्याच्या पुढं दिसतच नव्हती, फक्त असावीत असं वाटत होतं. भिकाजी वरच्या बांधावर उभा राहिला, पत्रिका उघडली, तोंड उघडलं. आवाज नाही. परत उघडलं. मग तो वळला आणि पत्रिका बायकोच्या हातात दिली.

"तू घे. माज्या तोंडात बसंना. मी मोरी फोडतो."

"बाई नाव घेनार?" स्वराज खालच्या बांधावरून ओरडला. "आबांनी असलं कदी—"

"रोप बाईच लावती न्हवं रं?" शालूबाई म्हणाली. "का तुजा गट नंबर येतो वाकाया?"

बायका हसल्या. अनितानं पदर खोचला.

"वडाचंऽऽ!"

फावडं पडलं. पाणी सुटलं. "आलं!"

"दगड्याऽ!" "आलं!" "कोल्ह्याची झोप!" "आलं!"

ती बांधाबांधानं उतरत गेली, भिकाजी तिच्या पुढं, बायका मागं. धुकं तिच्यासमोर थोडं थोडं सरकत होतं. आधी नाव जायचं, मग खाचर दिसायचं. जणू हाक मारली म्हणूनच ते तिथं येत होतं. शब्दामागून पाणी, पाण्यामागून हिरवं. पावसानं पत्रिकेवरची शाई ओघळायला लागली होती, पण सव्विसापर्यंत पुरली.

सत्ताविसाव्या बांधावर ती थांबली. पत्रिकेत काही नव्हतं. तिनं ती कमरेला खोचली, डोळे मिटले आणि दोन्ही हात समोर धरले, हवेत, कोपरात वाकवून. टेबल नाही, बटणं नाहीत. पाऊस बोटांवर पडत होता. ती शेवटची दुपार होती. आबांचा घसा बसलेला. खाटेची सुंभं करकरत होती. ते काय म्हणाले ते तिला आठवेना. पण आपण काय दाबलं, ते बोटांना विचारलं, आणि बोटं पावसात हलली.

"रुसकीऽऽ!"

"आलं!"

"चांदणं!" "आलं!" "सासुरवाडी!" "आलं!" "निजती!" "आलं!"

एकतिसावं. ओढ्याकडंचं, शेवटचं. बोटं थांबली. तिनं वाट बघितली. काहीच येईना. फक्त आकडा, मग ओळ संपवायचं बटण, आणि मग रिकामं. तेव्हा तिला आठवलं. आबांनी हे खाचर शेवटच्या उमेदीत दगड फोडून केलं होतं. "ह्याला अजून नाव न्हाई," ते म्हणाले होते, "जो पुढं हाक मारंल त्यो ठेवंल." तिनं आकडा टाइप करून पुढं कोरं सोडलं होतं.

डोळे उघडले तर त्याच खाचराच्या मधोमध स्वराज उभा, चिखलात लाकडी फळ्या टाकून त्यावर पांढरे बूट ठेवून, फोनवर फोटो काढत. पार्टीला दाखवायला.

"ह्याला नाव न्हाई ना वैनी?" तो वर न बघता म्हणाला. "म्हनलं व्हतं मी. हे मोकळंच हाय."

भिकाजीनं फावडं उचललेलं, पण तो अनिताकडं बघत होता. सगळ्याच बघत होत्या. शालूबाई प्लास्टिकच्या कागदाखालून मान काढून बघत होती, ओठ दाबून.

"खुळीचंऽऽ!" अनिता ओरडली, एवढ्या जोरात की लेण्याच्या कातळावरून ते नाव परत आलं.

शालूबाईला हसू आवरेना. ती बांधावरच बसली, गुडघे धरून. भिकाजीचं फावडं पडलं. तीस खाचरांतून उतरलेलं, लाल, थंड, घाई नसलेलं पाणी मोरीतून खाली आलं, फळ्यांखाली शिरलं, फळ्या हळूच उचलल्या, आणि पांढऱ्या बुटांत भरलं.

"आलं!" बायका म्हणाल्या, आणि वाकल्या.